चौऱ्याऐंशी दिलगिऱ्या

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर एखादीला वाटलं, की आता आपणही आठवड्यातून तासभर बोलावं, तर त्यात कुणाच्या बापाचं काय जातं? विचारायला सोपं आहे. ज्यांचं ज्यांचं काही ना काही गेलं त्यांची यादी करायला बसलं तर कागद पुरायचा नाही, म्हणून मोजकीच माणसं घेऊ.

गल्लीत त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, पण दारावरची घंटा वाजली की आतून अजूनही "बोला, कोण हवंय?" असंच ऐकू यायचं, आणि येणारा माणूस सुनेचा बाप, आपल्याच मुलीच्या घरी आलेला असला तरी गडबडून आपलं पूर्ण नाव सांगायचा. बाईंचा आवाज होताच तसा. त्यात राग नाही, लोभ नाही, दमणूक नाही. "लाइन व्यस्त आहे, थोडं थांबा" हे वाक्य त्या दिवसातून चारशे वेळा म्हणत आणि चारशेवं पहिल्यासारखंच निघे. वरच्या साहेबांनी एकदा दोन्हींतला फरक ओळखायची पैज लावली होती आणि हरली होती. एक्स्चेंजचा नियम असा, की ऑपरेटरनं गिऱ्हाइकाशी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं नाही. एकतीस वर्षं बाई तीन वाक्यांत राहिल्या. चौथं वाक्य कुठं साठत गेलं असेल ते तुम्हीच बघा.

आता त्यांच्याकडे एकशे बारा रेकॉर्डी कशा आल्या, ते सांगितलं तर थाप वाटेल, पण सांगतो. बाईंकडे परदेशची लाइन होती. समुद्रापलीकडच्या टोकाला अशीच एक ऑपरेटर बसायची. लाइन रिकामी असली की ती बया चोंग्याजवळ रेकॉर्ड लावायची. इकडे बाई कानाला हेडफोन लावून, पाठ ताठ ठेवून सॅक्सोफोन ऐकायच्या. साहेबांना वाटे, काय मन लावून काम करते. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. आवडलं तर बाई टेबलावर पेन्सिलनं दोनदा ठोकत, नाही आवडलं तर एकदा. अकरा वर्षांत एकदा ठोकायची वेळ तीनदाच आली, आणि एकशे बारा वेळा टपालानं चपटं खोकं आलं.

रेकॉर्डी कपाटात सुखानं होत्या आणि तशाच राहिल्या असत्या, पण एका दुपारी सून मागच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती आणि तिनं तिच्या आवडीचं काहीतरी लावलं होतं. एक माणूस, भाडेकरूनं घरमालकाला सुनवावं तसा, दम न घेता सुनावत होता. नव्या पोरांचं हिप-हॉप. त्याच्यामागे ट्रम्पेटचा चार सेकंदांचा तुकडा घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरत होता.

बाई चहाचा कप हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बंद करू का, आई?" सुनेनं विचारलं.

"बंद कशाला? हा ट्रम्पेट माझ्या कपाटातला आहे."

"कपाट बंद आहे, आई."

"कपाट बंद आहे गं, पण ट्रम्पेट तिथलाच आहे. एक्केचाळीस नंबर. दुसरी बाजू, तिसरं गाणं."

काढून लावलं. तिसरं गाणं, मध्यावर, तोच तुकडा, तीच शेवटची किंचित घसरलेली फुंकर. सुनेच्या हातातली इस्त्री चिरंजीवांच्या ऑफिसच्या शर्टावर तशीच राहिली आणि पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला. पण त्या दुपारी त्या घरात शर्टाची फिकीर कुणालाच नव्हती. संध्याकाळपर्यंत सासूसुनांनी अशी एकोणीस गाणी पकडली. कुठं 'सोल' नावाच्या जुन्या परदेशी गाण्यातल्या बाईचा एक हुंकार नव्या पोरानं उचललेला, कुठं जॅझमधला नुसता झांजेचा ठोका.

"क्रॉस कनेक्शन," बाई म्हणाल्या. "एकाच लाइनवर दोन काळ बोलतायत, आणि मधे कुणी ऑपरेटर नाही."

झालं. गावातल्या वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक छोटं रेडिओ केंद्र होतं. नकाशे ठेवायच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्याला स्टुडिओ म्हणत. कुणीही नागरिक तिथं तासभराचा कार्यक्रम मागू शकतो, अशी पाटी खाली लावलेली होती. पाट्या लावताना कुणी खरंच येईल असं माणसं धरून चालत नाहीत.

बाई गेल्या. अर्ज मिळाला. त्यात कार्यक्रमाचे प्रकार होते: आरोग्य, शिक्षण, घरगुती सल्ला, इतर. बाईंनी "इतर"वर खूण केली. पुढे रकाना होता, "समाजास होणारा लाभ". बाईंनी तीन वाक्यांची सवय असल्यामुळे दोनच शब्द लिहिले: "पाय हलतात."

केंद्रप्रमुख हा दोन चष्मे असलेला माणूस. वाचायचा चष्मा घरी विसरला की लांबचा लावून तो अंदाजानं सह्या करी. त्यानं लाभाचा रकाना वाचला, "इतर" खोडलं आणि कार्यक्रम "आरोग्य" या सदरात मंजूर केला. दर मंगळवारी दुपारी चार ते पाच, ज्येष्ठांचे सांधे.

चिरंजीव विमा कंपनीत होते, त्यामुळे जे घडलेलं नाही त्याचीही काळजी करायची त्यांना सवय होती. "आई, आमच्या साहेबांनी ऐकलं तर?"

"तर त्यांना कळेल, की तुझी आई त्यांच्यापेक्षा जास्त जगलीय."

"पण तू बोलणार काय तासभर?"

"एकतीस वर्षांचं शिल्लक आहे," बाई म्हणाल्या.

बातमी जिन्यानं वर गेली आणि सल्ला घेऊन खाली आली. वरचे मोजणीवाले काका, जमीन मोजणीत जन्म गेलेला माणूस, म्हणाले, "वहिनी, कार्यक्रमाच्या आधी गरम पाणी, नंतर गार. उलट झालं तर घसा बसतो. माझ्या मेव्हण्याचा बसला तो अजून उठला नाही." खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की "स" म्हणताना माइकपासून तोंड जरा वळवा, पुढचे दोन दात तुमचे नाहीत हे ऐकणाऱ्याला कळतं. समोरच्या दारातले गायनमास्तर मात्र सल्ला द्यायला आले नाहीत, निकाल द्यायला आले.

"बाई, मी चाळीस वर्षं शिकवतोय. सूर म्हणजे काय ते मला माहीत आहे. हे जे तुम्ही लावणार आहात, ते संगीत नाही, भांडण आहे."

"असेल. भांडण सुरात करता येतं, हे तुमच्या घरातून रोज सकाळी ऐकतेच की मी."

मास्तरांनी दार लावून घेतलं. पुढे जे झालं ते या एका वाक्यानं झालं असं सुनेचं मत आहे. बाईंना तसं वाटत नाही, आणि वाटलं असतं तरी त्या ते वाक्य परत घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

पहिला मंगळवार बरा गेला. सून यंत्राशी, बाई माइकशी. "बोला, क्रॉस कनेक्शन," अशी सुरुवात झाली. जुन्या सोलमधली जाड्या आवाजाची एक गायिका लावली आणि लगेच तिचाच हुंकार पळवणारं नवं गाणं. दहाव्या मिनिटाला एका आजोबांचा फोन आला: आरोग्याचा कार्यक्रम ना, मग डावा गुडघा दुखतो त्याचं काय?

"पुढचं गाणं लागलं की दर दुसऱ्या ठोक्याला टाच आपटा," बाईंनी सांगितलं.

पुढच्या मंगळवारी आजोबांनी कळवलं, की गुडघा तसाच आहे, पण खालच्या भाडेकरूनं खोली सोडली, आणि तो पाच वर्षं सोडत नव्हता. हे प्रसारित झालं, आणि कार्यक्रमाला ऐकणारे मिळाले. दातांचे डॉक्टर चार ते पाच आपल्या वेटिंग रूममध्ये लावू लागले. माणसं दाढ विसरतात म्हणायचे. मोजणीवाले काका जिन्यात पायऱ्या मोजत उतरायचे ते एकाआड एक ठोक्यावर उतरू लागले आणि एकदा पडलेही. पण पडले ते ठोक्यावर पडले, असं त्यांनीच अभिमानानं सांगितलं.

सहाव्या मंगळवारी बाईंनी ते इस्त्रीच्या दुपारचं गाणं लावलं. आधी एक्केचाळीस नंबर, मग सुनावणारा माणूस आणि त्याच्या मागचा ट्रम्पेट.

सातव्या मंगळवारच्या आधीच पत्र आलं. तक्रार गायनमास्तरांची होती: केंद्राचं यंत्र बिघडलेलं असून एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, नागरिकांच्या कानांस इजा होते. केंद्राच्या नियमावलीत सतरावं कलम होतं: एका कार्यक्रमात कोणतीही ध्वनिमुद्रिका, कोणताही मजकूर किंवा त्यांचा कोणताही भाग एकापेक्षा अधिक वेळा प्रसारित करू नये. हे कलम पूर्वी एका निवेदकामुळे करावं लागलं होतं. तो गृहस्थ एकच रेकॉर्ड पाच वेळा लावून तेवढ्या वेळात केस कापून यायचा.

आणि कलम आहे म्हटल्यावर ते मोजायला माणूसही होता. नोंदणी कारकून. दारातून किती माणसं गेली ते मोजायला बोटानं दाबायचं आकड्यांचं यंत्र असतं ना, तसलं त्याच्या हातात सदैव असे, म्हणून त्याला टिकटिक म्हणत. सहाव्या मंगळवारची ध्वनिफीत त्यानं दोनदा ऐकून मोजली होती.

चौकशीला समिती बसली. समिती म्हणजे अध्यक्ष, केंद्रप्रमुख आणि टिकटिक. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. समोर कुणीही असो, तो उशिरा आला आहे असंच त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

"किती वेळा?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो ट्रम्पेटचा तुकडा पंच्याऐंशी वेळा, साहेब," टिकटिक म्हणाला. "त्यातली पहिली वेळ कायदेशीर आहे. नियमभंग चौऱ्याऐंशी."

"ते गाणंच तसं आहे," बाई म्हणाल्या. "तुकडा फिरतो म्हणून तर तो माणूस त्याच्यावर उभा राहून बोलू शकतो. जमीन रोज तीच असते, म्हणून तुम्ही चालायचं थांबता का?"

"बाई," अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले, "तुमचं वय मी लक्षात घेतो. छंद असावा माणसाला. पण ही दंगामस्ती तुम्हाला शोभत नाही. मी मार्ग काढतो. हे पुन्हा करणार नाही असं लिहून द्या, गाणी सोडा, आणि हाच तास टाचा-गुडघ्यांवर बोला. लोकांना उपयोग होईल, तुमचा मानही राहील."

बाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना लागलं. छंद म्हणे. एकतीस वर्षं जगाची भांडणं, लग्नं, मयतं त्यांच्या बोटांखालून गेली होती, आणि कुणी कधी विचारलं नव्हतं, की बाई, तुम्हाला काय वाटतं. आता कुठं आठवड्याला साठ मिनिटं त्यांची झाली होती. ती साठ मिनिटं हा गृहस्थ टाचांना द्यायला निघाला होता, तेही मेहेरबानी म्हणून.

"लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. "गाणी सोडणार नाही. टाचांचं मला काही कळत नाही."

"मग नियमभंगाची दिलगिरी व्यक्त करावी लागेल. रेडिओवरून, सगळ्यांच्या देखत."

"साहेब," टिकटिकनं नियमावलीत बोट घातलेलंच होतं, "प्रत्येक नियमभंगाबद्दल स्वतंत्र दिलगिरी, निवेदकानं स्वतःच्या आवाजात. कलम एकोणीस."

केंद्रप्रमुखानं चष्मा बदलून त्याच्याकडे पाहिलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर मात्र, खोडकर मुलाला फळ्यावर शंभरदा लिहायला लावताना येई, ती जुनी कळा आली. सहाव्या-सातव्या दिलगिरीला बाईंचा कंठ दाटेल, दहाव्याला त्या उठून जातील आणि तास आपसूक रिकामा होईल, असा त्यांचा हिशेब.

"वाचा मग," ते म्हणाले. "चौऱ्याऐंशी वेळा. एकही कमी चालणार नाही."

"मजकूर?" बाईंनी विचारलं.

"नियमभंग झाला, दिलगीर आहे," टिकटिकनं छापील नमुना पुढे केला.

बाईंनी तो मनात एकदा म्हणून पाहिला. चार शब्द. "बरा आहे," म्हणाल्या.

गल्लीत सल्ल्यांना ऊत आला. चिरंजीव म्हणाले, आजारपणाचा दाखला आणतो. दातांचे डॉक्टर म्हणाले, दाढ काढली असं लिहून देतो, हवी तर खरंच काढतो. मोजणीवाल्या काकांनी सांगितलं, वहिनी, वीस-वीसच्या गटानं म्हणा, मधे पाणी घ्या, गरमच. गायनमास्तरांनी दार किलकिलं करून म्हटलं, "मला एवढं नको होतं हो. मी फक्त यंत्र दुरुस्त करा म्हटलं होतं."

"यंत्र ठीक आहे, मास्तर. मंगळवारी ऐका."

मंगळवारी चार वाजता स्टुडिओच्या काचेपलीकडे अध्यक्ष स्वतः येऊन बसले. टिकटिक यंत्र शून्यावर आणून तयार. सुनेनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली, आणि आधी नुसता एक ड्रम सुरू झाला, सावकाश, ज्यावर कुणीही चालू शकेल असा. त्याच्यावर बाईंचा आवाज आला.

"नियमभंग झाला, दिलगीर आहे."

राग नाही, लोभ नाही, दमणूक नाही.

"नियमभंग झाला, दिलगीर आहे."

सहावी गेली, सातवी गेली. कंठ दाटण्याचं लक्षण दिसेना. दहावी पहिलीसारखीच निघाली. पंधराव्याला सुनेनं यंत्रावरून खाली बास गिटारचा जाड सूर सोडला. अध्यक्षांनी काचेवर टकटक केली, पण गाद्या चांगल्या जाड होत्या. तिसाव्याला खाली वाचनालयातली माणसं वर्तमानपत्रं खाली ठेवून छताकडे पाहायला लागली. चाळिसाव्या दिलगिरीनंतर बाईंनी अर्ध्या ठोक्याचा श्वास घेतला, आणि त्या पोकळीत दातांच्या डॉक्टरांकडची अकरा माणसं, गाल धरून, एकदम म्हणाली, "दिलगीर आहे." हे डॉक्टरांनी नंतर शपथेवर सांगितलं, त्यातल्या एकाच्या तोंडात त्या वेळी दोन अवजारं होती. मोजणीवाले काका रेडिओ कानाशी धरून जिना चढउतार करत होते. गायनमास्तरांच्या घरातून तंबोऱ्याची खुंटी पिळल्याचा आवाज आला. ते सूर जुळवत होते. बाई जो एक सूर लावून बसल्या होत्या, तो पन्नास दिलगिऱ्यांत केसभरसुद्धा हलला नव्हता, आणि असा सूर त्यांना चाळीस वर्षांत एकाही शिष्यानं दिला नव्हता.

चौऱ्याऐंशीवी संपली. ड्रम चार ठोके एकटा चालला आणि थांबला. सगळं मिळून सहा मिनिटं.

"आता गाणी," बाई म्हणाल्या, आणि पुढची चोपन्न मिनिटं त्यांनी आणि सुनेनं जुन्याला नवं आणि नव्याला जुनं जोडून दिलं. फोन त्याआधीच सुरू झाले होते. सत्तावीस जणांना एकच हवं होतं: ते पहिलं, दिलगिरीचं, पुन्हा लावा.

पाच वाजता अध्यक्षांनी तिथल्या तिथे समिती बसवली. त्यांचा चेहरा, अख्खा वर्ग हसतोय आणि कुणाला उभं करावं ते कळत नाही, असा झाला होता.

"ही चेष्टा आहे."

"मजकूर तुमचा होता," बाई म्हणाल्या. "संख्याही तुमचीच. एक जरी कमी पडली असेल तर सांगा."

"कमी नाही पडली, साहेब," टिकटिक हळूच म्हणाला. "पण एक अडचण आहे. दिलगिरी बाईंनी चौऱ्याऐंशी वेळा म्हटली. एकाच कार्यक्रमात. पहिली कायदेशीर. म्हणजे कलम सतराखाली नवीन नियमभंग त्र्याऐंशी."



"कार्यक्रम बंद," अध्यक्ष म्हणाले. "आजपासून."

टिकटिकनं पान उलटलं. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. तो बापडा नियमाला जागत होता. "नाही करता येत, साहेब. कलम वीस. दिलगिरी पुरी होईपर्यंत कार्यक्रम बंद करता येत नाही, वेळ बदलता येत नाही, निवेदक बदलता येत नाही. ते केस कापायला जाणारे गृहस्थ दिलगिरी न मागता सोडून गेले होते, तेव्हा तुम्हीच हे कलम घातलंत."

"म्हणजे पुढच्या मंगळवारी ही पुन्हा त्र्याऐंशी वेळा म्हणणार?"

"हो. त्यातून नियमभंग ब्याऐंशी. मग त्याच्या पुढच्या मंगळवारी ब्याऐंशी. मग एक्क्याऐंशी." टिकटिकनं कागदाच्या कडेला आकडा मांडला. "एका दिलगिरीवर येईपर्यंत अजून त्र्याऐंशी मंगळवार लागतील, साहेब. दीड वर्षाच्या थोडं वर."

केंद्रप्रमुखानं एक चष्मा काढला, दुसरा लावला, आणि दोन्हींतून तेच दिसतंय असं पाहून दोन्ही खिशात टाकले. अध्यक्ष बाईंकडे वळले. "बाई, आपण समजुतीनं घेऊ. मी दिलगिरी माफ करतो. तुम्ही तास सोडा."

"मला माफी नको," बाई म्हणाल्या. "मी शिक्षा पुरी करणार." त्यांनी पिशवीत रेकॉर्डी भरल्या, सुनेच्या हातात दिल्या आणि दारात क्षणभर थांबल्या. "आणि हो, टिकटिकराव, आज नंतर जी गाणी लावली त्यांत सात तुकडे फिरणारे होते. त्यांचे नियमभंग वेगळे धरा. पुढच्या मंगळवारी नऊ आहेत."